रंग वाळेपर्यंत

शिझुओका, १२ मे २०१८

रित्सुको शिमोझोनो यांस,

आपली ओळख नाही. मी किनुए, तोकुजी मोचिझुकी यांची बायको. तुमच्या सासूबाई सुएनोबाई गेली दोन वर्षे माझ्या यजमानांना विमानाबद्दल पत्रे लिहीत आहेत. त्यांना दिसेनासे झाल्यापासून ती पत्रे तुमच्या हातची असतात, हे अक्षरावरून कळत होते. म्हणून हे पत्र तुमच्या नावाने पाठवते आहे. त्यांना कसे सांगायचे ते तुम्ही ठरवा.

माझे यजमान एप्रिलमध्ये गेले. त्या दुपारी ते बाकावर बसून तुमच्याच विमानाला रंग देत होते. "रंग वाळेपर्यंत जरा पडतो," म्हणाले. मी चहाला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

विमान बाकावर तसेच आहे. वीतभर लांब, लष्कराच्या हायाबुसा या लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे मॉडेल, वरून हिरवे आणि पोटाकडे राखाडी. जोडून, घासून, रंगवून झाले आहे. राहिले आहे ते शेवटचे काम. त्याला ते 'जुने करणे' म्हणत. नव्या कोऱ्या विमानाला ऊन, तेल, धूळ आणि माणसांचे पाय लागलेले दाखवायचे. तोपर्यंत ते खेळणे, त्यानंतर ते विमान, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी उभा जन्म कारखान्यात खडावांना लाखेचा रंग दिला. चकचकीत करण्यात आयुष्य गेले आणि म्हातारपणी जुने करण्याचा नाद लागला.

मला त्यातले काही येत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी संत्री भरायच्या गोदामात लागले. पुढे जे शिकले ते वाचनालयातली पुस्तके वाचून, आणि ते इथे कामाचे नाही. विमान असेच अर्धवट पाठवू का, की राहू दे, ते कळवा. त्यांनी दिलेला शब्द पुरा झाला नाही, त्याबद्दल मी माफी मागते.

त्यांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी अजून व्हायचा आहे, म्हणून रिवाजाप्रमाणे सुरुवातीला हवापाण्याचे चार शब्द लिहिले नाहीत.

किनुए मोचिझुकी


कागोशिमा, २० मे

किनुएबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि फ्रीजच्या मागे लपवलं. आई आतून ओरडल्या, "शिझुओकाचं का गं?" मी म्हटलं, "नाही, विजेचं बिल." आयुष्यात पहिल्यांदा विजेच्या बिलावर डोळे पुसले.

तुमच्या दुःखात मी माझंच रडगाणं गाणार आहे. मला तुमच्यासारखं नीट लिहिता येत नाही, रागावू नका. पण आईंना हे सांगू नका. मी पाया पडते. त्या जेवतात ते या विमानापायी. "ओबोनला पितर येतात तेव्हा विमानही येणार आहे ना, मग दोन घास खा," असं म्हटलं की तोंड उघडतात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत थोडं दिसेल, पुढचं सांगता येत नाही.

यजमानांनी तुम्हाला किती सांगितलं होतं ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहिते. लढाईच्या शेवटच्या वर्षी आई तेरा वर्षांच्या होत्या. शाळा बंद, मुलींना धावपट्टीवर कामाला लावलेलं. पाइनच्या फांद्यांनी विमानं झाकायची, पुसायची. एके दिवशी उत्तरेकडून एक तुकडी आली आणि त्यातल्या एका विमानातून आईंचा सख्खा भाऊ उतरला. तादामित्सु, वीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओकिनावाकडे जायचं, शत्रूच्या जहाजावर विमानासकट कोसळायला, परत न येण्यासाठी. घर जवळच, पण घरी जायची परवानगी नाही. आईंना काय करावं सुचेना. फडकं घेतलं आणि भावाचं विमान पुसायला लागल्या. इतका जोर लावला की फडक्याबरोबर हिरवा रंगच निघून आला आणि खालचा पत्रा उघडा पडला. शिक्षा होईल म्हणून रडायला लागल्या. तर भाऊ म्हणाला, "रडतेस काय, वेडे! घाईघाईत फासलेला रंग तो. बरं झालं. उद्या घरावरून जाताना हे चमकेल. आईला सांग, चमकेल तो मी."

सकाळी त्यांची आई रताळ्याच्या शेतात उभी राहिली. विमानं गेली. एक चमकलं.

त्याच उन्हाळ्यात बॉम्ब पडून घर जळलं, फोटो जळले. आता आईंना भावाचा चेहरा आठवत नाही. हे मला कानात सांगतात, चोरी केल्यासारखं. "चेहरा गेला गं, रित्सुको. फक्त ती पुसलेली जागा दिसते." ती जागा डोळे आहेत तोवर एकदा बघायची आहे, बस.

कुणाकडूनही करून घ्या. तुम्ही करा. वाईट झालं तरी चालेल. आणि त्यांच्या नावाने दोन ओळी लिहा. वाचून मीच दाखवणार आहे.

रित्सुको


शिझुओका, २४ जून

रित्सुकोबाई,

मेलेल्या माणसाच्या नावाने लिहायचे म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. सोबत पान जोडले आहे. "काम सुरू आहे, हात सावकाश चालतो, तोकुजी," एवढेच लिहिले. ते पत्रांत कधी लांबण लावत नसत, त्यामुळे निभावेल.

विमान मीच करते आहे. पद्धत अशी. आधी सगळ्या विमानाला चांदीचा रंग, त्यावर केसांना मारायचा फवारा, आणि त्यावर हिरवा रंग. मग कोमट पाणी लावून काडीने टोकरले की फवारा विरघळतो आणि हिरवा पोपडा सुटून खालची चांदी दिसते. यजमानांचे तीनही थर देऊन झाले होते. फक्त टोकरायचे राहिले. मी पाणी लावले, टोकरले, काही सुटेना.

यजमानांच्या मॉडेल मंडळातले कुबोता आले होते. बाकाशी मला पाहून म्हणाले, "वहिनी, हे काय? मुळा किसताय का?"

"रंग निघत नाही."

"निघेल कसा? आज रंगवलं की उद्या सोलायचं असतं. आता त्या फवाऱ्याचा दगड झाला. आणा इकडे. मासिकातल्यासारखं करून देतो, नाकापासून शेपटापर्यंत पोपडे."

"सगळं नाही. एकच जागा."

"एका जागेकडे कोण बघणार, वहिनी?"

"एकच जण बघणार आहे."

त्यांनी वाकून विमानाकडे पाहिले. मग म्हणाले, "तोकुजीसान असते तर माझ्या हातात दिलं असतं." मी म्हटले, "ते असते तर तुम्हाला या खोलीतसुद्धा येऊ दिलं नसतं." ते हसले. मलाही हसू आले. यजमानांच्या माघारी पहिल्यांदाच.

आता यजमानांच्या जुन्या बनियनची चिंधी काडीला गुंडाळून, तिला दात घासायची पेस्ट लावून मी ती जागा घासते. रोज थोडी. जास्त घासले तर हिरव्याबरोबर चांदीही जाईल आणि खालचे प्लास्टिक दिसेल. दुसरे विमान नाही. हा साचा आता निघत नाही.

जागा नेमकी कुठे आणि चमक कशी, ते सुएनोबाईंना विचारून कळवा.

किनुए


कागोशिमा, ८ जुलै

किनुएबाई,

तुमचं पान वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "मोचिझुकीसानांचा हात सावकाश चालतो म्हणजे वय झालं हो त्यांचं." मी म्हटलं, "सगळ्यांचंच होतं." "तुझं तर फारच झालंय," म्हणाल्या. दिसत नाही तरी टोमणे बरोबर लागतात.

जागा विचारली. वैमानिकाच्या बसायच्या खणाच्या खाली, डाव्या अंगाला. खऱ्या विमानावर पसरलेल्या दोन हातांएवढी, म्हणजे तुमच्याकडे बोटाच्या पेराएवढी होईल. कडा गोल. मुलगी गोल गोल पुसते ना, तशी. मी विचारलं, "आरशासारखी चमकत होती का?" तर म्हणाल्या, "आरसा कसला! भाताच्या जुन्या पातेल्याचं पोट कसं असतं, तसं. पण उन्हात आणलं की."

सोबत पुडी आहे. ती आमच्या ज्वालामुखीची राख. गेला आठवडाभर पडते आहे, अंगणातून झाडून पिवळ्या पिशव्या भरून ठेवल्या की पुन्हा पडते. आई म्हणाल्या, तेव्हाही विमानांवर हीच बसायची. मोचिझुकीसानांना म्हणावं थोडी लावा.

ओबोनला दिवस फार राहिले नाहीत. सकाळी आई खिडकीकडे तोंड करून बसतात. "आज खिडकीची चौकट दिसतेय," म्हणतात. परवा चौकट दिसली नव्हती.

रित्सुको


शिझुओका, ६ ऑगस्ट

रित्सुकोबाई,

जागा उघडी झाली. पातेल्याच्या पोटासारखी. कडेला हिरवा रंग पातळ होत होत गेला आहे. राख मलमलीतून चाळून पंखांवर फुंकली आणि हलक्या हाताने पुसली. पाय ठेवायच्या जागी रंग थोडा झिजवला. कुबोता येऊन पाहून गेले. जाताना वाकून नमस्कार केला, तो मला की विमानाला ते कळले नाही.

म्हणजे काम झाले. पण वरून संरक्षक थर द्यायचा आहे आणि हवा दमट आहे. दमट हवेत तो पांढरा पडतो. शिवाय ओबोनच्या गर्दीत कुरियरवाले खोकी कशी आपटतात तुम्ही जाणता. थोडे थांबावे लागेल. सुएनोबाईंना सांगा, तोकुजी म्हणतात, घाई केली तर बिघडेल.

किनुए


कागोशिमा, ३ सप्टेंबर

किनुएबाई,

ओबोन झाला. पितर आले आणि गेले. आईंनी तिन्ही दिवस दारात खुर्ची टाकून घेतली. गाडीचा आवाज आला की मान वळायची. शेजारी टरबुजं घेऊन आला तर दोन्ही हात पुढे केले. टरबूज हातात घेऊन चाचपलं आणि म्हणाल्या, "फार जड आहे."

मला ते टरबूज चिरवलं नाही.

थर वाळायला महिना लागतो का? मी अडाणी असेन, पण एवढी नाही. काम झालं असं तुम्हीच लिहिलंत. मग का पाठवत नाही? फुटलं का? तसं असेल तर सांगा. विकलं का? तसं असेल तर तेही सांगा. उजवा डोळा गेला आहे. डाव्यानं उजेड आणि सावली दिसते. मी रोज एका म्हातारीला खोटं सांगून भरवते आहे, आणि ते खोटंही तुम्ही पुरं पडू देत नाही.

रित्सुको


शिझुओका, ३० सप्टेंबर

रित्सुकोबाई,

फुटले नाही. विकले नाही. माझ्यासमोर आहे.

खरे लिहिते. त्या दुपारी त्यांनी शेवटी पोटाकडचा राखाडी रंग दिला. मग वाळला का पाहायला विमान उचलले, तेव्हा त्यांचे बोट उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला लागले. ओल्या रंगात बोटाचा ठसा उमटला. "च्च," म्हणाले. "उद्या घासून काढतो. रंग वाळेपर्यंत जरा पडतो." ते पडले ते पडले.

तो ठसा तसाच आहे. रेघ न् रेघ. ऑगस्टमध्ये काम संपवून विमान उलटे केले तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. घासून काढायला हवा होता, चूकच ती. मी चिंधी हातात घेतली आणि खाली ठेवली.

त्यांचे कपडे आहेत, चष्मा आहे, ब्रश आहेत. पण त्या सगळ्या वस्तू आहेत. हे बोट आहे. खोके तयार आहे, कागद चुरगाळून भरला आहे, तुमचा पत्ता लिहिला आहे. रोज विमान आत ठेवते आणि रोज बाहेर काढते. कुबोता म्हणाले, "वहिनी, ठशाचा साचा घेऊन देतो." मी म्हटले, "तुमच्या आईचा घ्या." असे बोलायला नको होते. ते चांगले गृहस्थ आहेत.

तुमच्या सासूबाईंचे डोळे चालले आहेत, आणि मी कुठल्या गोष्टीला धरून बसले आहे, हे मला कळते. कळून हात सुटत नाही. थोडा वेळ द्या. किती ते मला सांगता येत नाही.

किनुए


कागोशिमा, २ डिसेंबर

किनुएबाई,

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण सुचलं नाही. तुमच्यावर रागावायला बसले की तो ठसा डोळ्यांसमोर येतो. तुमची कीव करायला बसले की आईंची खुर्ची.

आज एवढंच मागते. नवीन वर्षाचं शुभेच्छापत्र यजमानांच्या नावाने पाठवा. दर वर्षी ते स्वतःच्या हातानं छोटं विमान काढून पाठवायचे. पहिल्या सकाळी आई सगळी पत्रं मांडीवर घेतात आणि नाव घेऊन घेऊन ऐकतात. शिझुओकाचं आधी. विमान नाही तर निदान कागद पाठवा.

रित्सुको


शिझुओका, २७ डिसेंबर

रित्सुकोबाई,

तीन पत्रे खराब केली. त्यांच्यासारखे विमान काढले, ते जमले. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा" एवढे लिहायचे होते, आणि हात थांबला.

मी त्यांच्या नावाने इतके महिने लिहिले. काम चालू आहे, हात सावकाश आहे, हवा दमट आहे. ते सगळे खोटे मी लिहू शकले. पण वर्षभराच्या सुतकातल्या घरातून कुणी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही. माझ्या आईने पाठवल्या नाहीत, तिच्या आईने पाठवल्या नाहीत. ते एक पत्र टाकले की माझ्या घरात कुणी गेलेच नाही असे होईल. ते माझ्याने होत नाही.

माझ्यावर विसंबू नका असे लिहायला हवे होते, तेही मी उशिरा लिहिते आहे.

किनुए


कागोशिमा, ९ जानेवारी २०१९

किनुएबाई,

पहिल्या सकाळी काय झालं ते ऐका. आईंनी पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेतला. "शिझुओकाचं?" माझ्या हाताला दातांच्या डॉक्टरचं लागलं, तेच पुढे केलं आणि तोंडाला येईल ते वाचलं. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा. विमान लवकरच. तोकुजी." आईंनी ते पत्र दोन्ही हातांत धरलं, अंगठा फिरवला, नाकाजवळ नेलं. म्हणाल्या, "विमान काढलंय का?" "काढलंय." "कुठं?" मी त्यांचं बोट धरून एका कोपऱ्यावर ठेवलं. तिथे दाताचं चित्र होतं. "छान आहे," म्हणाल्या आणि पत्र गठ्ठ्यात न ठेवता वेगळं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "उजाडलं नाही का गं अजून?" खोलीभर ऊन होतं.

संपलं. आता दाखवायला काही उरलं नाही. तुमचं विमान तुमच्याजवळ ठेवा. मी शिव्या देत नाही. देण्याइतकी ताकद नाही.

रित्सुको


(पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, ओळी एकमेकींवर चढलेल्या)

मोचिझुकींच्या घरच्या बाईंना,

मी सुएनो. पट्टी धरून लिहिते आहे. रित्सुकोला माहीत नाही. मला आंघोळ घालायला बाई येते, ती टपालात टाकेल.

नवीन वर्षाला तुमच्याकडचं पत्र आलं नाही. रित्सुकोनं दातवाल्याचं वाचलं. त्याच्याकडच्या औषधाचा वास येत होता. ज्या घरून पत्र येत नाही तिथलं माणूस गेलेलं असतं. एवढं कळायला डोळे लागत नाहीत. मोचिझुकीसान गेले. मला वाटतं ते आधीच गेले. उन्हाळ्यापासूनची पत्रं बाईमाणसाची होती. ते एवढी माफी कधी मागत नसत.

मी बोलले नाही. बोलले असते तर तुमचा हात थांबला असता. रित्सुकोचंही खोटं थांबलं असतं, मग ती कशावर उभी राहिली असती?

तुम्ही विमान पाठवत नाही, म्हणजे तुम्हाला ते सोडवत नसणार. मी ओळखते. माझ्या दादाचं विमान पुसलेलं फडकं मी लपवून ठेवलं होतं. त्याला हिरवा रंग लागला होता. घर जळालं तेव्हा तेही गेलं. नसतं गेलं तर मी कुणाला दिलं असतं का? नाही.

माझे डोळे गेले. घाई संपली. ठेवा. पुरे होईपर्यंत ठेवा.

सुएनो


शिझुओका, २३ जानेवारी

सुएनोबाईंस,

तुमचे पत्र मी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. तुम्ही 'पाठवा' म्हणाला असता तर मी अजून धरून बसले असते.

विमान या पत्रासोबत येत आहे. कुरियरवाल्याला मी तीनदा सांगितले. तो म्हणाला, "आजी, आत काय आहे? अंडी?" मी म्हटले, "माणसं."

इतके महिने तुमच्याशी खोटे बोलले. जोडले, रंगवले ते सगळे यजमानांनी. फक्त पुसलेली जागा माझी आहे. ती मी त्यांच्या बनियनच्या चिंधीने पुसली.

काचेच्या पेटीत ठेवू नका. कुठेही हात लावा. हे विमान हात लावण्यासाठीच आहे.

किनुए मोचिझुकी


कागोशिमा, २ फेब्रुवारी

किनुएताई,

आई माझ्या पाठीमागे पत्रं लिहितात हे तुमच्या पत्रावरून कळलं. भांडले त्यांच्याशी. "मला इतके महिने मूर्ख बनवलंत!" तर म्हणाल्या, "तू मला दात वाचून दाखवलास."

खोकं आलं तेव्हा त्या जेवत होत्या. चॉपस्टिक्स खाली पडल्या. मी विमान हातावर ठेवलं. आधी नुसत्या वजन बघत राहिल्या. मग नाक, मग पंख, मग बसायचा खण. अंगठा खाली सरकला, डाव्या अंगाला, आणि थांबला. तिथे रंगाची कड आहे ना, कागदाच्या कडेएवढी, ती त्यांना लागली. अंगठा गोल फिरला. पुन्हा फिरला. मग आंधळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रित्सुको, त्याच्या भुवईत खोक होती. झाडावरून पडला होता. डाव्या भुवईत." मग हसल्या. "आणि कान! काय ते कान होते!"

ताई, चेहरा आला.

नंतर त्यांनी विमान उलटं केलं. उजव्या पंखाखाली बोट गेलं आणि एकदम मागे घेतलं, चटका बसल्यासारखं. "इथं कुणीतरी आहे," म्हणाल्या. मी तुमच्या यजमानांच्या ठशाचं काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. त्यांनी विमान हळूच सुलटं केलं.

मी तुम्हाला जे जे लिहिलं, ते सगळं परत घेते.

रित्सुको


कागोशिमा, २० नोव्हेंबर

किनुएताई,

आपली पत्रं चालू होती, पण हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. आई गेल्या. झोपेत. विमान उशाशी होतं.

शवपेटीत ते त्यांच्या हातात द्यायचं असं ठरलं होतं. त्यांनीच सांगून ठेवलं होतं. शेवंतीची फुलं ठेवली, मोजे ठेवले, रताळ्याची मिठाई ठेवली. मी विमान ठेवायला गेले तर अंत्यविधीवाला गृहस्थ पुढे आला. "बाई, हे प्लास्टिक आहे का? चालणार नाही. वितळतं, अस्थींना चिकटतं. लाकडी असतं तर चाललं असतं." मी त्याच्याशी भांडले. हात जोडले. तो बिचारा पुन्हा पुन्हा वाकत राहिला, पण नाहीच म्हणाला. माझ्या हातून शेवटची एक गोष्टही नीट झाली नाही. रिकाम्या हातांनी गेल्या.

विमान तुम्हाला परत पाठवते आहे. खोकं तुमचंच आहे. उघडाल तेव्हा रागावू नका. त्या पुसलेल्या जागेवर त्यांचा अंगठा रोज, दिवसभर फिरत असे. बोलता बोलता, रेडिओ ऐकता ऐकता. हिरवा रंग आणखी गेला. मग चांदी गेली. आता मध्ये खालचं प्लास्टिक दिसतं, तुम्ही ज्याला भीत होतात तेच.

आणखी एक. त्या विमान नेहमी एकाच पद्धतीनं धरायच्या. डावा हात शेपटीखाली, उजवा अंगठा त्या जागेवर. नर्सनं दुसऱ्या तऱ्हेनं हातात दिलं की चिडायच्या, फिरवून घ्यायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. काल पुसून खोक्यात ठेवताना उलटं केलं, तेव्हा कळलं. उजव्या पंखाखाली त्यांनी नंतर एकदाही हात लावला नाही. तिथे सगळं जसंच्या तसं आहे.

रित्सुको


शिझुओका, ३ डिसेंबर

रित्सुको,

विमान पोचले. पंखांच्या सांध्यात तुमची राख अजून आहे.

रिकाम्या हातांनी गेल्या असे म्हणू नको. तिथला रंग त्यांच्या अंगठ्यावर गेला. तो तर त्यांनी बरोबर नेला ना.

कुबोता आले होते. खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, "वहिनी, प्लास्टिक दिसतंय. एक हात चांदीचा मारू का? कळणारसुद्धा नाही."

मी म्हटले, "हात लावायचा नाही."

ते म्हणाले, "नाही लावत. पण खरं सांगतो, मी चाळीस वर्षं विमानं जुनी करतोय. असं एकही झालं नाही."

विमान बुत्सुदानात, घरच्या देव्हाऱ्यात, यजमानांच्या फोटोजवळ ठेवले आहे. आता तुमच्याकडे सुतक आहे, तेव्हा या वर्षी आपण दोघी एकमेकींना शुभेच्छापत्र पाठवणार नाही. त्याऐवजी साधे पत्र लिही. काय खाल्लेस, राख किती पडली, एवढे लिहिलेस तरी चालेल. मी वाट पाहीन.

काल उदबत्ती लावल्यावर विमान हातात घेऊन उलटे केले. इतक्या दिवसांत मीही त्या ठशाला कधी हात लावला नव्हता. पुसला जाईल अशी भीती होती. काल माझे बोट त्यावर ठेवले. ठसा माझ्या बोटापेक्षा रुंद आहे. थोडे दाबून पाहिले.

रंग वाळला आहे.

किनुए